पेढी एकट्याची, पेठ सगळ्यांची

खंडवा-भुसावळ लोहमार्गावर नेपानगरच्या शेजारी चांदनी हे लहानसे स्थानक आहे. या परिसरातील जंगलांत सालई आणि बांबू मुबलक. त्या भरवशावर वृत्तपत्री कागदाचा देशातील पहिला कारखाना येथे उभा राहिला. १९४७ साली खासगी भांडवलावर निघालेली ही कंपनी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने हाती घेतली. १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना राष्ट्राला अर्पण झाला आणि पुढे तो केंद्र सरकारच्या ताब्यात गेला. परदेशी कागदाला दारे खुली झाल्यावर त्याला उतरती कळा लागली. २०१६ मध्ये उत्पादन थांबले, ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाले.

मधली सहा वर्षे कारखान्यापुरतीच नव्हती. पगाराच्या तारखेवर जिथे बाजार चालतो, तिथे भोंगा थांबला की किराणा दुकानदाराची उधारी थकते, मालमोटार दारात उभी राहते, शिंप्याचे यंत्र धूळ खाते. कारखान्याचा तोटा दिल्लीच्या कागदावर येतो; गल्ल्यातली ओढ मात्र कोणत्याच कागदावर येत नाही. ती मांडणे हे स्थानिक व्यापारी मंडळाचे काम आहे, आणि इतिहासात ते झालेलेही आहे.

मोगल काळात बुऱ्हाणपूरचे कापड सुरतेच्या बंदरातून इराण, अरबस्तानापर्यंत जाई. त्याच सुरतेत १६६९ साली काझीच्या धार्मिक जाचाला कंटाळून भीमजी पारेख यांच्या पुढाकाराने हजारो वाणी कुटुंबप्रमुख शहर सोडून भडोचला गेले. सुरतेचा व्यवहार ठप्प झाला. बादशहाकडून आश्वासन मिळाल्यावरच ते परतले. त्यांच्या हाती ना शस्त्र होते, ना सत्ता. होती ती महाजनांची शिस्त. एकाने गुपचूप दुकान उघडले असते, तर सारा डाव मोडला असता.

इंग्रजी अमदानीत मुंबईत १८३६ साली गोऱ्या व्यापाऱ्यांनी आपले चेंबर काढले. देशी व्यापाऱ्यांना आपला आवाज स्वतंत्रपणे उठवण्यासाठी १९०७ साली इंडियन मर्चंट्स चेंबर स्थापावे लागले. १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर निघाले, तर १९३४ मध्ये आ. रा. भट यांनी पुण्यात मराठा चेंबरचा पाया घातला. काळ जागतिक मंदीचा होता आणि पुणे तेव्हा कारखानदारीचे शहर म्हणून ओळखलेही जात नव्हते. म्हणजे उद्योग भरभराटीला आल्यावर संस्था निघाली असे नव्हे. संस्था आधी होती.

तिचा उपयोग पुढच्या पिढ्यांनाही झाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूवाचून माणसे तडफडत असताना, याच चेंबरच्या आधाराने चालणाऱ्या पुण्यातील व्यासपीठाने इतर संस्थांच्या साहाय्याने सिंगापूरहून प्राणवायू यंत्रे मागवली. कोणाला फोन करायचा, पैसा कोणी उभा करायचा, माल कोणी वाटायचा, हे ऐनवेळी ठरवत बसायला वेळ नव्हता. वर्षानुवर्षे एकत्र बसण्याची सवय तिथे कामी आली.

व्यापारी मंडळाचे पुढारीपण ते हेच, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. संकटात खरी माहिती गोळा करावी, एका तोंडाने बोलावे आणि नुकसान वाटून घ्यावे. दिवाळीच्या स्नेहसंमेलनात सत्कार-समारंभ करून ही ताकद येत नाही.

आपल्या भागाला तर याची गरज अधिक. येथील दुकानात गिऱ्हाईकाशी मराठी बोलतात, अर्ज हिंदीत लिहितात. केळी, कापूस, यंत्रमागाचे कापड यांचा बाजार राज्याची सीमा मानत नाही. १९५६ च्या पुनर्रचनेने नकाशा बदलला, नातीगोती आणि देणीघेणी तीच राहिली. चांदनी-नेपानगरपासून बुऱ्हाणपूरपर्यंतच्या व्यापाऱ्यांनी वर्षातून चार वेळा एकत्र बसून थकलेली उधारी, बंद पडलेली दुकाने, बेकार झालेले हात यांची नोंद ठेवली, तरी मोठे काम होईल. तो हिशेब घेऊन सरकारदरबारी वा बँकेत गेलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणे सोपे नसते. बरे दिवस आहेत तोवर ही वही उघडावी. भोंगा थांबल्यावर प्रत्येक जण आपापली पेढी सावरण्यात गुंततो.