एकच गेम धरून बसायला काय लागतं?

"व्हिडिओ गेमचा इतिहास? म्हणजे कोणता गेम कधी आला, त्याची यादी?" माझा विषय सांगितला की हा प्रश्न येतोच. यादी हवी असेल तर ती तयार मिळते. मला शोधायचंय ते वेगळं आहे : आपण गेम कसे खेळत होतो? एकच गेम महिनोन्महिने धरून बसायचो, की एका वेळी चार-पाच गेममध्ये उड्या मारायचो? आणि ही सवय खरंच स्वभावातून येते का?

सुरुवात घरापासूनच करते. 2003 चा मे महिना, नागपूर. बाहेर 45 अंश, आत कूलरची घरघर, दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पडायची बंदी. बर्डीवरून आणलेला टीव्ही गेम आणि त्याची पिवळी कॅसेट. डबीवर गेमचा आकडा लाखांत छापलेला, प्रत्यक्षात मोजून काही गेम. तेच गेम नाव बदलून, मधल्या लेव्हलपासून सुरू करून यादीत पुन्हा पुन्हा घातलेले.

ही यंत्रं म्हणजे निन्टेन्डोने 1983 मध्ये जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला. त्यावरचा सगळ्यांचा लाडका मारिओ 1985 चा. म्हणजे आपल्याकडची पोरं जवळपास वीस वर्षं जुना गेम नवा म्हणून खेळत होती. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. त्या मारिओत 'सेव्ह' नव्हतं. लाईट गेली की खेळ गेला. पुन्हा पहिल्या वर्ल्डची पहिली लेव्हल.

आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार लेव्हल, एकूण 32. हे सगळं एका बैठकीत संपवायचं, तेही लाईट जायच्या आत. म्हणून पोरांनी चोरवाटा पाठ केल्या. पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या लेव्हलला छतावरून पळत जायचं आणि पाईपातून थेट चौथ्या वर्ल्डला. तिथे दुसऱ्या लेव्हलला वेलीवर चढलं की आठव्याला. 32 पैकी फक्त आठ लेव्हल खेळून गेम खलास! मधले वर्ल्ड कित्येकांनी कधी पाहिलेच नाहीत.

दादा हेच करायचा. रोज मारिओ, फक्त मारिओ. आणि मी? पाच मिनिटं रणगाडे, पाच मिनिटं बदकं, मग मोटरसायकल. "तू काऊन दहा गेम खोलून राहिली? एक तं धड खेळ!" हे दादाचं. "या पोरीचं मन एका जागी लागतच नाही," हे आजीचं. हा शिक्का मी बरीच वर्षं बाळगला. दादा एकाग्र, मी चंचल.

पीएचडीसाठी वाचायला लागल्यावर एक साधी गोष्ट लक्षात आली. पहिला रिमोट दादाचा होता. तो पाणी प्यायला उठला किंवा संध्याकाळी बॅट घेऊन बाहेर पडला, तेवढाच वेळ माझा. कधीही काढून घेतला जाईल अशा पाच-दहा मिनिटांत मारिओचं कोणतं वर्ल्ड गाठणार? त्या वेळात पूर्ण होईल असाच खेळ मी निवडत होते. आजी ज्याला स्वभाव म्हणायची, तो माझ्या वाट्याला आलेल्या वेळाचा हिशेब होता.

पुढे दादा सायबर कॅफेत जायला लागला. तासाला 15-20 रुपये. तिथे तर एकच गेम धरणं आणखी सोपं झालं. ओळीतले सगळे काउंटर-स्ट्राइक खेळत असतील तर तुम्हीही तेच खेळणार. नवा गेम शिकण्यात तास घालवणं म्हणजे पैसे वाया. व्हाइस सिटी खेळणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यात सेव्हच्या जागा आठ, आणि त्या कॉम्प्युटरवर बसणारा अख्खा मोहल्ला. दादाचा अर्ध्याच्या पुढे नेलेला खेळ कोणीतरी पुसून आपला लिहिला, तेव्हा तो दोन दिवस जेवणावर रुसला होता.

मी कॅफेत जात नव्हते. बंदी कोणी घातली नव्हती, पण "चल" असंही कोणी म्हटलं नाही. माझ्याकडे होता आईचा नोकिया 1100 आणि त्यातला साप. नोकियाने हा साप पहिल्यांदा 1997 मध्ये 6110 या फोनमध्ये आणला. लाईट गेली तरी फोन चालू, सर्वांत मोठा स्कोअर फोनमध्येच जपलेला, आणि बदलायला दुसरे गेम जवळपास नाहीत. आणि काय आश्चर्य! तीच 'चंचल' मुलगी वर्षभर एकच गेम खेळत राहिली.

आता आजच्या फोनकडे या. जिओ 5 सप्टेंबर 2016 ला सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला. गेम फुकट मिळू लागले, पण घड्याळ कंपनीच्या हाती गेलं. कँडी क्रशमध्ये पाच जीव. एक गेला की परत यायला 30 मिनिटं, पाचही गेले तर अडीच तास. तोवर माणूस काय करणार? दुसरा गेम उघडणार. एका वेळी तीन-चार गेम ठेवायची सवय अशीही लागते.

उलट, एकच गेम धरणाऱ्यांना फटका कसा बसतो हे 2020 ने दाखवलं. 2 सप्टेंबरला सरकारने 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाईल होता. 30 ऑक्टोबरला इथली सेवा पूर्ण थांबली. चार गेमवाल्यांनी पाचवा उतरवून घेतला. पण दोन-अडीच वर्षं एकाच खात्यात घातलेल्यांना 2 जुलै 2021 ला नव्या नावाने गेम आला तेव्हाच जुना हिशेब परत नेता आला.

स्वभावाचा काहीच वाटा नाही असं मी म्हणत नाही. एकाच घरातली, सारखाच वेळ मिळालेली दोन भावंडंही वेगळी खेळू शकतात. पण स्वभावावर बोट ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. सलग वेळ कोणाला होता? पैसे कशाचे मोजले, तासाचे की वस्तूचे? आणि अर्धवट खेळ जपून ठेवायची जागा कोणाच्या ताब्यात होती?

आज आमच्या घरात चित्र उलटं आहे. दादाला नोकरी आणि तीन वर्षांची मुलगी. त्याच्या फोनमध्ये चार गेम, एकही पूर्ण नाही. मी हॉस्टेलच्या खोलीत दोन वर्षांपासून स्टारड्यू व्हॅली हा एकच गेम खेळते. त्यातला दिवस साधारण 14 मिनिटांचा, आणि झोपलं की खेळ आपोआप जपला जातो. दार लावलेलं असतं. रिमोट मागायला कोणी येत नाही.

आणि आई? कँडी क्रशचे पाच जीव, मग लुडो, मग परत कँडी. मागच्या दिवाळीत मी तिला विचारलं, एकच का नाही खेळत? कुकरकडे कान ठेवूनच ती म्हणाली, "तिसरी शिट्टी झाली की उठावं लागते ना गं."

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात मी या वाक्याने करणार आहे. तुमच्या घरी पहिला रिमोट कोणाकडे होता, तेवढं आठवून पाहा.