खडीचा चट्टा आणि ब्रासचा हिशेब

महाराष्ट्रात दगड, मुरूम, खडी घ्यायला गेलं की भाव ब्रासचा सांगतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. पुढच्या काही वर्षांत शेर-मण बाजारातून गेले. ब्रास खाणीवर टिकला, आणि सरकारनेही तो टिकू दिला. २०२१ मध्ये गौण खनिजाचं स्वामित्वधन ४०० रुपयांवरून ६०० झालं, तेही ब्रासमागेच.

ओव्हरसिअर म्हणून माझं आयुष्य खडीचे चट्टे, म्हणजे मापासाठी रचलेले ढीग, मोजण्यात गेलं. त्यामुळे मला ठाऊक आहे की ब्रासमध्ये दगडाबरोबर हवाही विकली जाते. आपला काळा कातळ घट्ट असताना ब्रासला आठ टनांच्या आसपास भरतो. तोच फोडून खडी केली की ब्रासमध्ये चार-साडेचार टनच मावतात. म्हणजे खाणीतला एक ब्रास कातळ ढिगात जवळजवळ दुप्पट दिसतो. ही पोकळी कोणाच्या खात्यात धरायची, यावरच या धंद्यातले बहुतेक तंटे झाले.

क्रशर येण्याआधी खडी हातानं फोडत. वडार कुटुंबातले पुरुष सुरुंग लावून, पहार-घण चालवून डबर काढायचे, बायका बसून हातोडीनं फोडायच्या. रस्त्याकडेला चट्टा रचला जाई. त्याच्या बाजू उतरत्या, म्हणून वरची आणि खालची रुंदी घेऊन सरासरी काढायची, तिला लांबी-उंचीनं गुणायचं. चट्ट्याखाली उंचवटा ठेवला, पोटात मोठा डबर लपवला, तर माप फुगतं; हे आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवलं होतं. पण उंची सर्वांत खोलगट जागी घेतली, फुटावरचे इंच सोडून दिले, की मजुराची मजुरी कापली जाते, हे कोणी शिकवलं नाही. मला ही दुसरी चोरी जास्त गंभीर वाटते, कारण तिथे टेप धरणाऱ्याच्या हातात अधिकार असतो आणि समोरच्याच्या हातात घट्टे.

१९७२ च्या दुष्काळात हा हिशेब घराघरात पोहोचला. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यातली कितीतरी खडी फोडत होती. जन्मात हातोडी न धरलेल्या शेतकरी बायका खडीवर बसल्या. मजुरी कामाच्या मापावर. मापाच्या कडीतून न जाणारा खडा मोजणीत धरत नसत. तो पुन्हा फोडायचा. मोजमाप पुस्तकात आकडा घनमीटरचा, मुकादमाच्या तोंडी ब्रास. घनमीटर म्हणजे ब्रासचा जेमतेम तिसरा हिस्सा, हे त्या बाईला कोण समजावणार?

पुढे क्रशर आणि डंपर आले, आणि चट्ट्याची जागा गाडीच्या हौद्यानं घेतली. १२ फूट लांब, ७ रुंद, ३ उंच भरला की २५२ घनफूट, म्हणजे अडीच ब्रास. खाणीवर सैल भरलेली खडी खड्ड्यांतून येताना दबते, त्यामुळे खाणीवरचं माप आणि दारातलं माप जुळत नाही. वाळूचं उलट: ओलसर वाळू फुगते, पाव हिस्सादेखील जास्त दिसते. वजनकाट्यावर पोकळीचा प्रश्न मिटतो, पण भिजलेल्या मालाबरोबर पाण्याचेही पैसे जातात.

आता बंगल्यांच्या बागांसाठी गोटे आणि मोठाले दगड घेणारे वाढलेत. मोठे दगड टनावरच घ्यावेत. त्यांच्यामधल्या फटी कोणत्याही टेपला मोजता येत नाहीत. पायवाटेच्या खडीला मात्र ब्रासच सोयीचा, कारण आपल्याला जागा झाकायची असते: तीन इंचांच्या थरानं एका ब्रासमध्ये ४०० चौरस फूट होतात. खडी हौद्यात सपाट करायला लावावी, उंची चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी घेऊन सरासरी काढावी, आणि हे सगळं गाडी उलटी होण्याआधी करावं. एकदा ढीग पडला की मोजणी पुन्हा चट्ट्याच्या जुन्या वादावर येते.