वीजगाडी वरून खाली झिरपत नाही

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने ३० लाखांहून महाग असलेल्या विजेवरच्या गाड्यांना सहा टक्के मोटार वाहन कर लावण्याचा प्रस्ताव मांडला. महिना उलटायच्या आत मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेतल्याचं जाहीर केलं. दोन कारणं पुढे आली. एक, या करातून फारसं उत्पन्न मिळणार नाही. दुसरं, विजेवरच्या वाहनांबाबत राज्याच्या इराद्यांविषयी चुकीचा संदेश जाईल. त्यानंतर विषय मिटल्यासारखा झाला. मला तो मिटलेला वाटत नाही, कारण त्या माघारीमागे उभा असलेला विचार आज सगळीकडे मान्य झालेला आहे आणि तो मुळात चुकीचा आहे.

प्रतिपक्ष कमकुवत करून मांडू नये, म्हणून तो आधी त्याच्या पूर्ण ताकदीने सांगतो.

नवं तंत्रज्ञान नेहमी महागड्या गाडीतून येतं, मग हळूहळू सामान्यांच्या गाडीत उतरतं, असं हा पक्ष म्हणतो. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. एअरबॅगही तिथूनच पुढे पसरली. आज या दोन्ही गोष्टी दहा लाखांच्या आतल्या गाडीतही असतात. विजेच्या गाडीचंही तसंच होईल. टेस्लाने आधी २००८ ला महागडी रोडस्टर काढली, २०१२ ला मॉडेल एस आणि त्या पैशावर २०१७ ला तुलनेने स्वस्त मॉडेल थ्री. महाराष्ट्राचं उदाहरणही हाताशी आहे. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२० मध्ये ईक्यूसी आणली, ती बाहेरून बनून आलेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ईक्यूएस ही सेडान पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली. मग सात आसनांची ईक्यूबी, ईक्यूई एसयूव्ही, ईक्यूए, सप्टेंबर २०२४ मध्ये चाकणलाच बनणारी ईक्यूएस एसयूव्ही आणि जानेवारी २०२५ मध्ये तीन कोटींची जी ५८०. चार-साडेचार वर्षांत विजेवरच्या एसयूव्हींची एवढी मोठी रांग उभी राहिली. कंपनीच्या विजेवरच्या गाड्यांची भारतातली विक्री २०२४ मध्ये आदल्या वर्षापेक्षा ९४ टक्क्यांनी वाढली. सवलत काढली तर ही वाढ खुंटेल, चाकणचं काम थांबेल आणि खालच्या थरापर्यंत तंत्रज्ञान पोचायला आणखी वेळ लागेल, असा हा युक्तिवाद आहे.

त्याचं पहिलं अंग तपासायला इतिहासाचा क्रम पुरेसा आहे. भारतात सर्वसामान्य मध्यमवर्गाने घेतलेली पहिली विजेवरची एसयूव्ही म्हणजे टाटाची नेक्सॉन ईव्ही. ती बाजारात आली जानेवारी २०२० मध्ये, सुरुवातीची किंमत १३.९९ लाख. ईक्यूसी तिच्यानंतर नऊ महिन्यांनी आली, तिची किंमत सुमारे एक कोटी. त्याच जानेवारीत बजाजने विजेवरची चेतक विकायला काढली आणि ती बनत होती चाकणलाच. म्हणजे ज्या चाकणचा दाखला दिला जातो, तिथे विजेवरची स्कूटर ईक्यूएसच्या अडीच वर्षं आधीपासून तयार होत होती. त्याही मागे गेलं तर बंगळुरूची रेवा २००१ सालची आहे. वरून खाली येण्याचा जो क्रम सांगितला जातो, तो आपल्या देशात घडलेलाच नाही. आकडेही तेच सांगतात. २०२४ या वर्षात देशात विजेवरच्या दुचाकी साडेअकरा लाखांच्या आसपास नोंदल्या गेल्या, तीनचाकी सात लाखांच्या जवळ, आणि चारचाकी मोटारी सगळ्या किमतींच्या मिळून जेमतेम एक लाख.

एबीएसचा दाखला इथे लागू पडत नाही, याचं कारण यंत्राच्या स्वभावात आहे. एबीएस हा एक सुटा भाग होता. बॉशसारखा पुरवठादार तो एकदा बनवायला शिकला की कुठल्याही गाडीला जोडता येतो. पहिली महागडी गिऱ्हाइकं त्याच्या संशोधनाचा खर्च उचलतात, हेही खरं. विजेच्या गाडीचा खर्च मात्र बॅटरीत आहे आणि बॅटरी स्वस्त होते ती संख्येने. लाखो नग बनले की किंमत उतरते. २०१० च्या सुमारास एका किलोवॅट-तासाच्या बॅटरीला हजार डॉलरहून जास्त पडत. २०२४ मध्ये जगाची सरासरी ११५ डॉलरवर आली. हे मुख्यतः चीनमधल्या बस आणि मोटारी यांच्या प्रचंड संख्येने घडवलं. आज भारतात स्वस्त गाड्यांत वापरली जाणारी लोह-फॉस्फेटची बॅटरी घ्या. या रसायनावरचा पाया घालणारा शोधनिबंध टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात अक्षय पाधी हे भारतीय नाव पहिलं आहे. ते रसायन बहरलं चीनच्या बस आणि किफायती गाड्यांत. आलिशान गाड्यांनी बरीच वर्षं निकेलच्या बॅटऱ्या धरून ठेवल्या आणि आता त्याही आपल्या स्वस्त प्रकारांसाठी लोह-फॉस्फेटकडे वळत आहेत. इथे विद्या खालून वर गेली.

टेस्लाचं उदाहरण मात्र खरं आहे, ते टाळून चालणार नाही. अमेरिकेत दुचाकी हे रोजच्या कामाचं वाहन नाही, तीनचाकी जवळपास नाही. तिथे मोटारीशिवाय दुसरीकडून सुरुवात होणं अवघड होतं. तरीही निसानची साधी लीफ २०१० च्या अखेरीस, म्हणजे मॉडेल एसच्या आधी, रस्त्यावर होती. आणि टेस्लाने स्वस्त गाडी काढली ती मालकाने तसं ठरवलं म्हणून. आलिशान गाडीच्या सवलतीतून ते आपोआप घडत नाही.

आता हाच प्रश्न एका गावातून पाहू, म्हणून हट्ट्याकडे येतो.

हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातलं, वसमत तालुक्यातलं गाव, परभणी आणि वसमतच्या दरम्यानचं. जुनी बारव ही त्याची ओळख, आणि आजूबाजूला हळदीचा मुलूख. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या माणसाचं वाहन म्हणजे दुचाकी, ऑटो, मालवाहू टेम्पो आणि एसटी. या रस्त्यावर विजेच्या वाहतुकीचा प्रश्न दीड कोटीच्या गाडीने सुटणारा नाही, हे सांगायला अभ्यास लागत नाही. पण इथे एक दुसरा समजही पसरलेला आहे आणि तोही मी मान्य करत नाही. रात्रपाळीची लाइट, जळालेला डीपी, आठवडा-आठवडा न येणारा ट्रान्सफॉर्मर या सगळ्याचा राग काही जण शहरातल्या वीजगाड्यांवर काढतात: आमच्या मोटारीला वीज नाही आणि त्यांच्या मोटारीला आहे. हिशेब असा. ईक्यूएस एसयूव्हीची बॅटरी १२२ किलोवॅट-तासांची. पाच अश्वशक्तीचा कृषीपंप आठ तास चालला तर सुमारे ३० युनिट खातो. म्हणजे एकदा पूर्ण चार्ज करायला लागणारी वीज पंपाच्या साधारण चार पाळ्यांएवढी. ऐकायला जास्त वाटतं, पण या गाड्या इतक्या थोड्या आहेत की राज्याच्या वीजमागणीत त्यांचा भार जाणवतही नाही. हळद पाण्यावाचून राहते ती वितरणाच्या दुखण्यामुळे. तिथे बोट दाखवावं, गाडीवाल्याकडे नव्हे.

गाडीवाल्याला माझा आक्षेपच नाही. पेट्रोलची अवजड एसयूव्ही घेण्यापेक्षा विजेची घेतली तर बरंच आहे. आक्षेप सार्वजनिक पैशाला आहे. पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, विजेवरच्या कुठल्याही गाडीवर पाच टक्के. १.४१ कोटीला आलेल्या ईक्यूएस एसयूव्हीच्या किमतीवर हा फरक सुमारे ४७ लाख रुपयांचा होतो. एका गाडीमागे ४७ लाख. राज्याने सोडून दिलेला नोंदणीचा कर त्यावर वेगळा.

बदल्यात काय मिळतं? देशात विजेच्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चार्जिंगची गळती धरून अशी गाडी एका युनिटात चार किलोमीटर धावली, तर १०० किलोमीटरमागे १७-१८ किलो. तशीच पेट्रोलची गाडी लिटरला नऊ किलोमीटर देते असं धरलं तर २५ किलो. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरून बचत होते एक टनाच्या आतबाहेर. हा ढोबळ हिशेब आहे. आता तेवढीच बॅटरी दुचाक्यांत घाला. तीन किलोवॅट-तासांच्या ४० स्कूटरी होतात. पेट्रोलच्या स्कूटरच्या तुलनेत प्रत्येकीची १०० किलोमीटरमागे सुमारे तीन किलोंची बचत, वर्षाला सात हजार किलोमीटर फिरल्यास २०० किलोंवर; चाळीसांची मिळून आठ टन. त्याच लिथियमचा आठपट उपयोग, आणि सोबत ४० घरांच्या पेट्रोलचा खर्च वाचतो तो वेगळाच. ही घरं हट्ट्यासारख्या गावांतली असतील तर त्या पैशाचं मोल किती, ते परभणीला कामासाठी रोज ये-जा करणाऱ्याला विचारावं.

केंद्र सरकारला हे कळत नव्हतं असंही नाही. २०१९ च्या फेम-२ योजनेत मोटारींना अनुदान होतं ते फक्त व्यावसायिक वापराच्या आणि १५ लाखांच्या आतल्या गाड्यांना. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींना अनुदानच नाही. थेट पैसे देताना जी मर्यादा पाळली, ती कर सोडताना मात्र कुठेच पाळलेली नाही. तिजोरीला दोन्हींचा भार सारखाच पडतो.

महाराष्ट्राचं २०२५ चं धोरण पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग या तीन ठिकाणी विजेवरच्या मोटारी आणि बसना टोलमाफी आहे. समृद्धी दहा जिल्ह्यांतून जातो, त्यांत हिंगोली नाही. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं कलमही त्याच धोरणात आहे आणि ते स्वागतार्ह आहे. एसटीची पहिली विजेवरची बस ‘शिवाई’ १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुटली. पुढे ५,१५० बसांचा करार झाला. २०२५ च्या मध्यापर्यंत ताफ्यात आलेल्या बस शेकड्यांतच मोजाव्या लागत होत्या. कोळशाच्या विजेवर बस चालवून कार्बन फार वाचतो असा दावा मी करणार नाही. पण डिझेलचा खर्च एसटीचं कंबरडं मोडतो, आणि फेऱ्या कमी झाल्या की आधी शाळकरी मुली घरी बसतात. विजेच्या वाहतुकीची खरी कसोटी वसमत आगारात लागणार आहे.

आता ती दोन कारणं पुन्हा घेऊ. उत्पन्न नगण्य, कारण गाड्या थोड्या. आणि कर लावला तर चुकीचा संदेश जाऊन विजेच्या वाहतुकीला धक्का बसेल. ही दोन्ही वाक्यं एकत्र उभी राहत नाहीत. आपल्या तर्कशास्त्रात याला वदतोव्याघात म्हणतात. गाड्या इतक्या थोड्या असतील की त्यांचा कर हिशेबात धरू नये, तर त्यांच्यावर राज्याचं संक्रमण अवलंबून नाही. आणि त्यांच्यावरच ते अवलंबून असेल, तर कर नगण्य नाही.

‘चुकीचा संदेश’ हे कारण मात्र अनुभवाने तपासता येतं. विजेवरच्या गाड्यांत जगात सगळ्यांत पुढे असलेल्या नॉर्वेने १ जानेवारी २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर २५ टक्के मूल्यवर्धित कर लावला, त्याखालचा भाग मोकळा ठेवला. नव्या गाड्यांत विजेच्या गाड्यांचा वाटा २०२३ मध्ये ८२ टक्के होता, २०२४ मध्ये ८९ झाला. लोकांनी संदेश बरोबर वाचला: वीजगाडी हवी, पण चैनीचा खर्च ज्याचा त्याने करावा.

तीच पद्धत इथे आणावी. ३० लाखांपर्यंतची किंमत करमुक्त, त्यावरच्या भागावर सहा टक्के. १.४१ कोटीच्या गाडीला हा कर ६.६६ लाख पडेल, तीन कोटींच्या गाडीला १६.२० लाख. एवढ्याने गिऱ्हाईक कर कमी असलेल्या पुदुच्चेरीला जाऊन नोंदणी करेल, अशी भीती दाखवली जाते. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १३ टक्के कर आहे आणि तरी त्या गाड्या इथे विकल्या जातात, नोंदल्या जातात. ३० लाखांच्या आतल्या गाड्यांना, म्हणजे चाकणलाच बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ च्या सुरुवातीच्या प्रकारांपासून नेक्सॉनपर्यंत, रुपयाचाही फरक पडणार नाही. जमलेली रक्कम तालुक्याच्या आगारांत बस चार्जिंगसाठी आणि दुचाकी-तीनचाकीच्या सवलतीसाठी बांधून द्यावी. दहा हजारांची सवलत धरली तर एका ईक्यूएस एसयूव्हीच्या करात ६६ स्कूटरी बसतात. धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्याआधीच्या कुठल्याही अर्थसंकल्पात हे करता येईल, आणि त्यासाठी मागे घेतलेला प्रस्तावच थोड्या दुरुस्तीने पुन्हा मांडायचा आहे.