ऱ्होन नदीतील राख

इ. स. १७७ मध्ये रोमन साम्राज्यातील लुग्दुनुम नगरीत, म्हणजे आजच्या फ्रान्समधील लियाँ येथे, ख्रिस्ती रहिवाशांचा भीषण छळ झाला. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनुस बंदिवासात वारले. ब्लांदिना नावाच्या दासीला रिंगणात ठार मारण्यात आले. एवढ्याने छळकर्त्यांचे समाधान झाले नाही. मृतदेह सहा दिवस उघड्यावर ठेवून त्यांनी जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटली. मृतांना पुन्हा उठण्याची आशाच उरू नये, हा त्यामागील हेतू होता, असे तेथील मंडळीच्या पत्रात नमूद आहे. युसेबियसच्या इतिहासग्रंथामुळे ते पत्र टिकून राहिले.

राखही उरली नाही, तर उठणार ते काय? केवळ आत्म्याचे अमरत्व मानणाऱ्यास हा प्रश्न पडत नाही. ख्रिस्ती श्रद्धेला मात्र तो टाळता आला नाही. इ. स. ५५ च्या सुमारास पौलाने करिंथकरांना लिहिताना बीजाचा दृष्टान्त योजला होता: पेरलेले आणि उगवलेले यांचे रूप निराळे असते, तरी नाते तुटत नाही. पोथिनुसनंतर बिशप झालेल्या इरेनियसने, देहाला तुच्छ लेखणाऱ्या पंथांच्या विरोधात, देहही तारणास पात्र असल्याचे प्रतिपादन केले. पुढे ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या अखेरच्या भागात श्वापदांनी खाल्लेल्या, अग्नीत भस्म झालेल्या देहांचाही विचार केला. हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा उठलेल्या देहावर कदाचित राहतील, पण त्या विद्रूपता नव्हे तर भूषण ठरतील, असे त्याला वाटे.

आमच्या मते या सिद्धान्ताचे मर्म येथेच आहे. ब्लांदिनाचा देह कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता होता. तिच्यावरील अन्याय देहावरच झाला. मग केवळ आत्मा सुटला, असे म्हणून तिला न्याय कसा मिळेल? पुनरुत्थान म्हणजे कणांची जुळवाजुळव नव्हे. जिला पुसून टाकण्यात आले, तीच व्यक्ती ईश्वरासमोर सदेह उभी राहणे होय.

कॅथलिक चर्चने १८८६ मध्ये मनाई केलेल्या दहनाला १९६३ मध्ये मुभा दिली, ती याच आधारावर: अग्नी ईश्वराच्या सामर्थ्याला अडवू शकत नाही. तरीही राख विखरू नये, पवित्र स्थळी जतन करावी, असे २०१६ मध्ये रोमने बजावले. राखेवाचून ईश्वराचे अडत नाही; मृताची आठवण राखण्याचे कर्तव्य मात्र जिवंतांवर उरतेच.