अंगावरून वारं गेलं... पुढे काय?

वानवडीतलं आर्टिफिशियल लिंब सेंटर माहितीये ना? १९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी ते सुरू झालं. नुसता कृत्रिम पाय देऊन भागत नाही, त्यावर चालायला शिकवावं लागतं. पुनर्वसन म्हणतात ते हेच.

पण कुणाच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे स्ट्रोक आला, की घरोघरी काय व्हायचं? खाट, तेलाचं मालिश आणि चमच्याने भरवणं. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, मग करणार काय?

१९५९ मध्ये न्यूयॉर्कचे प्राध्यापक पेद्रो बाक-इ-रिता यांना ६५व्या वर्षी स्ट्रोक आला. मुलगा जॉर्ज मेक्सिकोत डॉक्टरकी शिकत होता. त्याने वडिलांना तिकडे नेलं आणि चक्क रांगायला लावलं! शेजाऱ्यांनी नावं ठेवली. मग गोट्या खेळणं, भांडी घासणं... प्राध्यापक पुन्हा कॉलेजात शिकवू लागले. काही वर्षांनी ते गेले, तेसुद्धा डोंगर चढताना. शवविच्छेदनात दिसलं, मेंदूतली मोठी इजा तशीच होती. काम उचललं होतं शाबूत राहिलेल्या भागाने. त्यांचा दुसरा मुलगा पॉल पुढे यावरच संशोधन करत राहिला.

आज दुबळ्या हातात थोडी हालचाल उरली असेल, तर थेरपिस्ट बरा हात जाड मोज्यात अडकवून ठेवतात आणि वाटी दुबळ्याच हाताने उचलायला लावतात. सगळ्यांना हे जमत नाही, आणि हात पूर्वीसारखा होईलच असंही नाही. पण आजोबांच्या शर्टाची बटणं आपण मायेनं पटापट लावून देतो ना, थेरपिस्टच्या लेखी तो त्यांचा बुडालेला सराव असतो.