काशीचा कम्युनिस्ट कौल : १९६७ ते १९७१

वाराणसीतील ब्रह्मा घाट हा मराठी वस्तीचा जुना परिसर. पेशव्यांच्या गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात या भागात घाट बांधविले. येथील मराठी गणेशोत्सवालाही शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. अशा या धर्मक्षेत्राने १९६७ मध्ये लोकसभा व विधानसभा या दोन्ही ठिकाणी कम्युनिस्ट प्रतिनिधी पाठविले, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

घाटांलगतची जुनी वस्ती सामावणाऱ्या वाराणसी दक्षिण मतदारसंघावर तोवर काँग्रेसची पकड होती. मुख्यमंत्री डॉ. संपूर्णानंद यांनी १९५७ मध्ये येथेच भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या रुस्तम सॅटिन यांचा पराभव केला होता. दहा वर्षांनी सॅटिन विजयी झाले. लोकसभेची जागा सत्यनारायण सिंह यांनी जिंकली. ते मात्र १९६४ च्या फुटीनंतर वेगळ्या झालेल्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. अवर्षण, धान्यटंचाई आणि महागाई यांनी त्या वर्षी उत्तर भारत गांजला होता. त्यामुळे हा कौल मार्क्सच्या तत्त्वज्ञानाला होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

उत्तर प्रदेशात ४२५ पैकी १९९ जागांवर थांबलेल्या काँग्रेसचे सरकार महिनाभरही टिकले नाही. एप्रिलमध्ये चरणसिंह यांच्या संयुक्त विधायक दलाच्या सरकारात ९८ आमदारांचा जनसंघ आणि १३ आमदारांचा भारतीय कम्युनिस्ट पक्ष शेजारी बसले. ही कम्युनिस्ट राजवट नव्हे, सत्तेतील अल्पसा वाटा होता.

पण त्याच काळातील सोव्हिएत संघाशी तुलना केल्यास या वाट्याचे वेगळेपण दिसते. तेथे मतपत्रिकेवर पक्षमान्य असे एकच नाव असे. नाराजी वृत्तपत्रांना लिहिलेल्या पत्रांतून वा पक्ष कार्यालयातील तक्रारींतून वर पोहोचे आणि तिची दखल घ्यायची की नाही, हे सत्ताधारीच ठरवीत. काशीच्या मतदाराजवळ दुसरे नाव होते.

फेब्रुवारी १९६८ मध्ये चरणसिंह यांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. १९६९ च्या मध्यावधी निवडणुकीत भारतीय कम्युनिस्ट पक्ष राज्यात चार जागांवर आला. वाराणसी दक्षिणमध्ये जनसंघाचे शचींद्रनाथ बक्षी निवडून आले. काकोरी खटल्यात जन्मठेप झालेले हे क्रांतिकारक. १९७१ मध्ये लोकसभेची जागाही काँग्रेसच्या राजाराम शास्त्री यांच्याकडे गेली.