रोमचे चिचेरोने

अठराव्या शतकात युरोपातील सधन घराण्यांतील तरुण शिक्षणाची सांगता म्हणून जो दीर्घ प्रवास करीत, त्यास ‘ग्रँड टूर’ म्हणत. त्यातील प्रमुख नगर रोम असल्याने, तेथील अवशेष समजावून देणाऱ्या खासगी वाटाड्यास, सिसेरो या प्राचीन वक्त्याच्या नावावरून, ‘चिचेरोने’ ही संज्ञा मिळाली. हे काम केवळ वाट दाखविण्याचे नव्हते, कारण फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा सार्वजनिक चौक, तेव्हा मातीखाली दबलेले गुरांचे कुरण होता, आणि सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या अर्धवट गाडल्या गेलेल्या कमानीपाशी उभे राहून मूळ नगर डोळ्यांसमोर आणून देणे ही खरी विद्वत्ताच होती. १७६४ मध्ये आलेल्या इतिहासकार एडवर्ड गिबनला स्कॉटिश पुराणवस्तुतज्ज्ञ जेम्स बायर्स याने तब्बल १८ आठवडे रोम दाखविले. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील गिबनच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला.